गाड्यांच्या कार्यक्रमात गाडी कुठे असते?

फिरता_पाना:
परवा 'मधली_सीट' यांनी लिहिलं, "गाडीच्या कार्यक्रमात नट-बोल्ट कोणाला बघायचेत? त्यासाठी गॅरेज आहे. टीव्हीवर धमाल हवी." दोन दिवस गप्प बसलो. आज रविवार आहे, बायको माहेरी आहे, तेव्हा सविस्तरच लिहितो.

'व्हीलर डीलर्स' हा जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायचा ब्रिटिश कार्यक्रम 2003 ला सुरू झाला. माइक ब्रूवर घासाघीस करून जुनी गाडी उचलायचा आणि एड चायना नारिंगी हातमोजे चढवून ती खोलायचा. साडेसहा फुटांच्या वरचा तो माणूस गाडीखाली मावायचा कसा, देव जाणे. पण हात काय करतोय ते दिसायचं. गंजलेला बोल्ट निघत नसेल तर आधी तेल सोडायचं, थांबायचं, मग थोडा आवळून मग सैल करायचा. माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मी पार्किंगमध्ये बसून स्वतः बदललं. दोन रविवार गेले, शेजाऱ्यांनी सोसायटीकडे तक्रार केली, पण बदललं. नाना पेठेतल्या दुकानदाराने "कोणत्या बाजूचं?" विचारल्यावर पहिल्यांदा मला उत्तर देता आलं.

आणि एडचं पुढे काय झालं? 2017 मध्ये तो बाहेर पडला. कारण त्याने स्वतःच सांगितलं: नव्या निर्मात्यांना वर्कशॉपचा भाग चित्रित करायला फार अवघड वाटत होता, त्यातले बारकावे कमी करायचे होते. म्हणजे ज्यासाठी आपण बघायचो तेच काढायचं आणि उरलेल्या जागेत हस्तांदोलनं दाखवायची.

बीबीसीच्या 'टॉप गिअर'चंही तेच. 1977 ला बर्मिंगहॅमच्या स्टुडिओतून निघायचा तेव्हा तो ग्राहकांचा कार्यक्रम होता. 2002 ला नव्या रूपात आला आणि मग काय, कॅरॅव्हॅन जाळा, गाड्या कड्यावरून ढकला, आणि तीन प्रौढ माणसांनी एकमेकांना चिडवत देश पालथे घाला. हसलो मीही. पण तासभर बघून गाडीबद्दल एक गोष्ट नवी कळली असेल तर शपथ.

बाणेरबाबू:
+1. हल्लीचे रिव्ह्यूसुद्धा तसलेच. सनरूफ उघडणार, बंद करणार, "दरवाज्याचा आवाज ऐका मित्रांनो", की झालं.

मधली_सीट:
पाना साहेब, माझं वाक्य अर्धंच उचललंत. पुढे मी लिहिलं होतं, "...निदान आमच्या घरात तरी." असो.

तुम्हाला हवा तसा कार्यक्रम होता ना! 2002 मध्येच जुन्या 'टॉप गिअर'ची मंडळी दुसऱ्या चॅनलवर गेली आणि 'फिफ्थ गिअर' काढला. टिफ नीडेल, क्वेंटिन विल्सन, विकी बटलर-हेंडरसन. टायरची तुलना, ब्रेकची चाचणी, सगळं रीतसर. इथे किती जणांनी बघितला? तुम्ही तरी बघितलात का?

माझे बाबा बँकेत होते. आयुष्यभर स्कूटर. कार घेतली नाही आणि घेणारही नव्हते. पण जेवणं झाली की आम्ही दोघं 'टॉप गिअर' लावायचो. मास्तरांसारखा चेहरा करून बाबा स्टिगच्या, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या निनावी ड्रायव्हरच्या, फेरीचे आकडे वहीत लिहायचे. कुठला नट कुठे बसतो हे कळून त्यांना काय करायचं होतं? जी गाडी कधी परवडणार नाही ती वळणावर कशी घसरते हे बघून त्यांचा दिवस मार्गी लागायचा. ती वही माझ्याकडे आहे. तुमच्या बेअरिंगपेक्षा मला ती जास्त प्यारी.

आणि तुमचा तो गंभीर एड चायना! त्यानेच सोफ्याला इंजिन लावून रस्त्यावर पळवला होता आणि सर्वात वेगवान फर्निचरचा विश्वविक्रम केला होता. करमणूक कोणाला चुकली आहे?

उद्यमनगरी:
दोघांचंही चुकतंय. आमचं कोल्हापुरात इंजिन बोअरिंगचं काम, वडिलांपासून. आम्हाला खरा त्रास झाला तो पाना साहेबांच्या आवडत्या कार्यक्रमाचा.

शेवटी हिशोब दाखवायचे बघा. गाडी इतक्याला घेतली, सामान इतक्याचं, विकली इतक्याला, नफा इतका. एडची मजुरी कुठे आहे त्यात? माणूस आठवडाभर गाडीखाली झोपलाय आणि त्याच्या घामाची किंमत शून्य! हे बघून गिऱ्हाईक आमच्या दारात येतं. "त्यांनी जाहिराती धरून तासाभरात इंजिन उतरवून चढवलं, तुम्हाला चार दिवस कशाला?" अहो, इंजिनाचं हेड प्लेन (सपाट) करायला टाकलंय, गॅस्केट मुंबईहून यायचंय, लाइट दुपारची जाते. बिल दिलं की म्हणतात, सामानाचं कळलं, पण मजुरी एवढी? धमालवाले निदान खोटं बोलतात हे दिसतं तरी. हे खरं दाखवून खोटं सांगतात.

फिरता_पाना:
मजुरीचा मुद्दा मान्य. (हे लिहायला मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.) पण त्यासाठी कार्यक्रमातून पाना काढून घ्यायचा?

लेस्टरवासी:
मी इथे इंग्लंडात अठरा वर्षं आहे. "खोटं बोलतात हे दिसतं" या वाक्याशी थोडं अडलो. 2008 मध्ये 'टॉप गिअर'ने टेस्लाची रोडस्टर ही इलेक्ट्रिक गाडी दाखवली होती. ट्रॅकवर 55 मैलांत, म्हणजे साधारण 88 किलोमीटरमध्ये, बॅटरी संपेल असं सांगितलं आणि गाडी ढकलत शेडमध्ये नेताना दाखवली. कंपनीचं म्हणणं, गाडीतल्या नोंदींप्रमाणे चार्ज 20 टक्क्यांच्या खाली गेलाच नव्हता. 2011 मध्ये खटला भरला, हरले. 2013 मध्ये अपीलही गेलं. कोर्टात काय व्हायचं ते झालं, पण माझ्या ऑफिसातले लोक त्यानंतर कित्येक वर्षं इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढलं की ढकलायचा अभिनय करायचे. गंमत म्हणून बघितलेलं माहिती म्हणून डोक्यात बसतं.

वाशिष्ठीकाठ:
लेस्टरवाले, शेवटचं वाक्य चिपळुणात येऊन सांगा.

22 जुलै 2021. आमच्या दाजींची डिझेल गाडी अंगणात, पाणी बॉनेटच्या वर. पाणी उतरल्यावर आतून चिखल काढला, सीटा वाळत टाकल्या. मी म्हटलं, कशाला हात लावू नका, टोचन करून नेऊ. दाजी म्हणाले, "अरे 'टॉप गिअर'मध्ये ती हायलक्स समुद्रातून काढून चालू केली होती, ही तर गोड्या पाण्यात होती." आणि बसून चावी फिरवली. खट्. एकदाच. मग गप्प. दाजींनी परत फिरवली. यावेळी आवाज आतून आला. गाडीशी कधी संबंध नसलेली माझी आईसुद्धा ओट्यावरून म्हणाली, "काहीतरी मोडलं."

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकला होता. कार्यक्रमाला दोष देत नाही, दाजींना देतो. पण खरा राग विम्यावर. पुराचं नुकसान भरून देऊ, इंजिनाचं नाही म्हणाले. का, तर तुम्ही स्टार्टर मारलात!

बाणेरबाबू:
बरोबरच आहे की. इंजिनाचं वेगळं संरक्षण मिळतं, थोडा प्रीमियम जास्त. पॉलिसी घेताना वाचायची असते.

वाशिष्ठीकाठ:
तुमच्या बाणेरात पहिल्या मजल्यावर पाणी आलंय का कधी? रात्रभर माळ्यावर बसून सकाळी पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायची होती का? ती पॉलिसी कपाटात होती. कपाट बाजारपेठेत सापडलं.

बाणेरबाबू:
मी नियम सांगितला. भावना दुखावल्या असतील तर दिलगीर.

उद्यमनगरी:
बाबू, "असतील तर" काढून परत लिहा.

दाजींचं काय झालं ते सांगतो, कारण 2019 च्या पुरानंतर आमच्याकडे अशा गाड्यांची रांग होती. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलेंडरमध्ये जातं. पिस्टन वर येतो तेव्हा हवा दबते, पाणी दबत नाही. मग दबायचं कोणी? रॉडने. पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल मारून बघायचीच नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. एअर फिल्टर उघडा, ओला असला की समजून जा. पेट्रोल गाडीचे प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं की पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात, ते स्वतः करू नका. ऑइल, फिल्टर सगळं बदलल्यावरच सेल.

लेस्टरवासी:
आणि त्या हायलक्सबद्दल. 2003 चा भाग. जुनी डिझेल पिकअप भरतीत बुडवली, पाणी ओसरल्यावर वाळूत रुतलेली सापडली. पण सोबत मेकॅनिक होता. नवीन सामान वापरायचं नाही, फक्त हत्यारं, असा नियम होता. म्हणजे दाजींनी वगळलेलं काम तिथे झालेलं आहे. लोकांच्या लक्षात राहतो तो फक्त इंजिन सुरू झाल्याचा क्षण.

फिरता_पाना:
हेच! हेच तर मी म्हणतोय! मेकॅनिक काय करतोय त्याची दोन मिनिटं जास्त दाखवली असती तर दाजींचा रॉड वाचला असता. धमाल थोडीच कमी झाली असती?

मधली_सीट:
दोन मिनिटं काय, अर्धा तास दाखवा. दाजी तेवढ्यात चहा आणायला उठले असते. उद्यमनगरींनी आत्ता जे सांगितलं ते मी पहिल्यांदा धड वाचलं, कारण त्याआधी दाजी होते, आई ओट्यावर होती आणि "खट्" होतं. तुमचं बेअरिंग मात्र मी वरवर चाळलं. माफ करा.

फिरता_पाना:
मग बाबांच्या वहीत एकाही इंजिनाचं नाव नाही का?

मधली_सीट:
आहेत. काही शेजारी सिलेंडर किती तेही लिहिलंय. आत्ता काढून बघितली. समाधान झालं असेल तर सांगा, वही परत ठेवते.

वाशिष्ठीकाठ:
भांडून झालं असेल तर एक विचारू? यंदा आमच्याकडे जोर आहे पावसाचा. गाडी वरच्या आळीत नेऊन लावली आहे, तरी तार सोडवून ठेवू का?

उद्यमनगरी:
पाणी यायची भीती असेल तर सोडवा. काळी तार आधी, लाल नंतर. जोडताना उलटं. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो.

मधली_सीट:
दहाचा म्हणजे दहा नंबर लिहिलेला, की दहावा? घरात बाबांचा स्कूटरचा डबा आहे, त्यात सगळे पुसलेले आहेत.

फिरता_पाना:
फोटो टाका. मी सांगतो.