काजू कारखान्यात आग लागूच नये म्हणून सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (व्यवस्थापक, कुडाळ तालुका)

आमच्या छोट्या काजू प्रक्रिया कारखान्यात बॉयलर, कटिंग, ड्रायर, सोलणी आणि पॅकिंग हे सारे एकाच पत्र्याच्या शेडखाली चालते. अग्निशामक सिलिंडर भिंतीवर आहेत आणि ते वेळेवर भरून घेतले जातात. परंतु आग लागण्यापूर्वीच धोका ओळखून तो कमी करण्याचे काम आमच्याकडे पद्धतशीरपणे झालेले नाही. आमच्या अरुंद रस्त्याने अग्निशमन बंब येईपर्यंत बराच वेळ जाईल, याची मला काळजी वाटते. मिरगापूर्वी, मर्यादित खर्चात, आधी काय करावे?

उत्तर १ (सुरक्षा अधिकारी, लोटे परशुराम)

खरेदीपूर्वी एकदा संपूर्ण शेडमधून फिरावे आणि जळणारा माल व उष्णता कोठे एकमेकांजवळ येतात, ते कागदावर उतरवावे. आपल्याकडे पहिली नोंद बहुधा टरफलांचीच होईल. काजूच्या टरफलाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तेल असते. म्हणूनच ते बॉयलरला उत्तम इंधन ठरते आणि म्हणूनच त्याचा ढीग पेटला, तर तो विझवणे अवघड जाते. उन्हाळ्यात टरफले बाहेर पडून असतात. पावसाळ्यात मात्र ती कोरडी राहावीत म्हणून सर्रास बॉयलरच्या तोंडाशी आणून ठेवली जातात. कोकणात भर पावसात आगीचा धोका वाढतो तो असा, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. टरफलांसाठी वेगळी, भिंतीआडची कोरडी जागा करावी आणि बॉयलरजवळ एका पाळीपुरतेच इंधन ठेवावे. भट्टीतील राख झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवावी आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय बाहेर टाकू नये. चिमणीत साचणारा चिकट थरही पेटतो, त्यामुळे तिच्या साफसफाईच्या तारखा ठरवून घ्याव्यात.

जळत्या तेलावर पाण्याचा फवारा मारू नये, हे बॉयलरवरील माणसाला स्वतः समजावून सांगावे.

उत्तर २ (विद्युत कंत्राटदार, रत्नागिरी)

वरील सर्व मान्य आहे. तथापि मी वायरिंगला प्रथम क्रमांक देईन. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत पॅनेलमधील जोड गंजतात आणि सैल होतात, तेथील रोध वाढतो आणि तो जोड तापू लागतो. जोड सैल झाल्याने विद्युतप्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर वाढल्यास वीज तोडणारा स्विच) पडत नाही आणि आतील इन्सुलेशन हळूहळू करपत राहते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर परवानाधारक वायरमनकडून, वीज बंद करून, सर्व जोड घट्ट करून घ्यावेत. शक्य असेल तर चालू भारावर थर्मल कॅमेऱ्याने तपासणीही करावी. गळतीचा प्रवाह ओळखणारे आरसीसीबी बसवले नसेल तर ते अवश्य बसवावे. ड्रायरचा थर्मोस्टॅट बिघडला तरी हीटर बंद पडावा, यासाठी दुसरा स्वतंत्र कटआउट असलाच पाहिजे.

उत्तर ३ (पर्यवेक्षिका, वेंगुर्ले)

सोलणीच्या विभागात बहुतेक स्त्रिया काम करतात आणि दाराजवळ काजूच्या गोणी रचण्याची सवय हंगामात सर्वत्र दिसते. ती वाट कोणत्याही कारणाने अडू देऊ नये आणि काम चालू असताना मागचे दार कुलूपबंद असू नये. चोरीच्या भीतीने कुलूप लावले जाते, हे मी जाणते. पण आतून सहज उघडणारी कडी बसवली की दोन्ही गोष्टी साधतात. सराव घेताना तो सोलणीच्या बायकांनाही द्यावा, केवळ पुरुष कामगारांना नव्हे. सिलिंडरची पिन त्यांनी स्वतःच्या हाताने काढून पाहिलेली असावी.

प्रश्नकर्ता

ताई, मागच्या दाराची कडी मी या आठवड्यातच बदलून घेतो. आणखी एक विचारायचे आहे: शेडच्या पत्र्याचे वेल्डिंग करायचे आहे. त्यासाठी बाहेरचा माणूस येईल.

उत्तर १ (सुरक्षा अधिकारी, लोटे परशुराम)

वेल्डिंगसाठी लेखी परवाना दिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये, मग कंत्राटदार कितीही ओळखीचा असो. सुमारे 11 मीटरच्या परिघातील टरफले, गोणी आणि जनरेटरचे डिझेल हलवावे. जे हलवता येत नाही ते न जळणाऱ्या चादरीने झाकावे. वरून पडणारी ठिणगी फटीत शिरून बराच वेळ धुमसू शकते, म्हणून काम संपल्यावरही किमान एक तास एक माणूस सिलिंडरसह तेथे थांबावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. जुलैच्या तपासणीपूर्वी ही कामे उरकावीत आणि ठिणगी उडाली पण आग लागली नाही, अशा प्रसंगांचीही तारखेनिशी नोंदवही सुरू करावी.