फ्लोरेन्स ते रोम गाडीने, वाटेत कुठे थांबू?

प्रश्न: मे महिन्यात आईबाबांना घेऊन जातोय, वाटेत एकच रात्र हातात आहे, सिएना करू की ओर्विएतो? बाबांचे गुडघे दुखतात, चढ नको.

उत्तर १: ए१ मोटरवेने सरळ जाऊ नका हो! सिएनावरून जुना कासिया रस्ता धरा, पुढे वाल दोर्चा हे खोरं लागतं, मेमध्ये टेकड्या हिरव्यागार असतात आणि मधेच सरूच्या झाडांची रांग, दर दहा मिनिटांनी गाडी थांबवावीशी वाटते. मुक्काम पिएन्झात करा, गाव छोटंसं आहे, मुख्य रस्त्यावर चढ फारसा नाही, दुकानादुकानातून पेकोरिनो चीजचा वास येतो, आणि संध्याकाळी गावाच्या तटबंदीवरून खालची दरी बघत बसायचं, बाबा खूश होतील.

उत्तर २: दुसऱ्या दिवशी ओर्विएतो कराच. गाडी खाली स्टेशनपाशी लावून फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, वर जा. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल बघाच, पण सान पात्रिझिओ विहिरीला २४८ पायऱ्या आहेत, तिथे बाबांना वरच बसवा. जवळचं चिविता दि बान्योरेज्यो हे टेकडीवरचं गाव मात्र सोडा, चढाच्या पुलावरून चालतच जावं लागतं.

उत्तर ३: झेडटीएलचा (जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा) बोर्ड दिसला की आत शिरू नका, कॅमेरे असतात. आम्हाला दंडाचं पत्र चार महिन्यांनी घरी आलं.