छिद्रं चांदीच्या अणूएवढी का राहत नाहीत?

वर विचारलंय की चांदी-सोन्याच्या वर्खातून आम्लाने चांदी काढली, तर छिद्रं चांदीच्या अणूएवढीच का उरत नाहीत? सगळी गंमत इथेच आहे. चांदी विरघळली की उरलेले सोन्याचे अणू जागच्या जागी थांबत नाहीत. पृष्ठभागावरून सरकत जाऊन पुंजके करतात. त्यामुळे खालची चांदी उघडी पडते, आम्ल आणखी आत शिरतं आणि शेवटी स्पंजासारखं सोन्याचं जाळं उरतं. शास्त्रज्ञ अर्लेबाकर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं.

१२ कॅरेटचा (वजनाने निम्मं सोनं), साधारण १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जाडीचा वर्ख संहत नायट्रिक आम्लावर अलगद तरंगवला, तर काही मिनिटांत १०-१५ नॅनोमीटरची छिद्रं मिळतात. जास्त वेळ ठेवलं की ती वाढतात, नंतर भट्टीत तापवलं तर शेकडो नॅनोमीटरपर्यंत जातात. वाफा विषारी असतात, फ्यूम हूडशिवाय (वाफा ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाशिवाय) करू नका.

मात्र मूळ मिश्रणात सोनं जास्त असेल तर आम्ल आत शिरतच नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांना) हे चांगलं ठाऊक असणार: तेजाबाने (नायट्रिक आम्लाने) सोनं शुद्ध करायचं, तर आधी त्यात भरपूर चांदी मिसळावी लागते.