शब्दचर्चा : वाइन ‘कोरडी’ की ‘तुरट’?

प्रश्न : क्यान्ती क्लासिको या इटालियन रेड वाइनच्या वर्णनात ‘ड्राय’ आणि ‘टॅनिक’ हे शब्द लागोपाठ आलेत. दोन्हींना ‘कोरडी’ चालेल का? आणि ‘ब्लेंड’ला, म्हणजे अनेक जातींच्या द्राक्षांच्या वाइनला, काय म्हणावं?

– नाही चालणार. ड्राय म्हणजे गोड नसलेली, लिटरला साधारण ४ ग्रॅमच्या आत साखर. ‘बिनगोड’ लिहा. टॅनिक म्हणजे टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य, भरपूर असलेली. टॅनिनने तोंड कोरडं पडतं, म्हणून ‘कोरडी’ वाचलं की वाचक नेमका तोच अर्थ घेतो. टॅनिकला आपला ‘तुरट’ हा शब्द अगदी चपखल आहे. अमरकोशात ‘तुवर’ म्हणजे कषाय, तुरट चव. तुरट त्याच घरातला.

– तुरट आणि आंबट यांतही गल्लत होते. चिंचेने दात आंबतात, तोंडाला पाणी सुटतं. कच्च्या केळ्याने उलट होतं, जीभ जडावते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. ताडून बघायचं तर चमचा-दोन चमचे वाइन आठ-दहा सेकंद तोंडात घोळवा, गिळा, मान किंचित खाली करा. लाळ सुटली तर तो आंबटपणा. मग वरच्या हिरडीवरून जीभ फिरवा. ती अडखळली तर तुरटपणा. क्यान्ती क्लासिको मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची, आणि त्यात दोन्ही भरपूर असतात, म्हणून सरावाला हीच वाइन घ्यावी. घोट लागोपाठ घेऊ नका. तुरटपणा साचत जातो आणि पाचवा घोट उगाच कडक वाटतो. मध्ये पाव किंवा चीज खा.

– तापमानही सांभाळा, १६ ते १८ अंश. त्याहून गार असेल तर तुरटपणा बोचतो, उन्हाळ्यातल्या खोलीइतकी गरम असेल तर नाकात अल्कोहोलच शिरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची.

– ब्लेंडला ‘मिश्रण’ म्हणजे औषधाची बाटली, आणि ‘भेसळ’ तर सरळ आरोपच. मी ‘मेळ’ लिहितो. क्यान्ती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. उरलेल्यात रंगाला कोलोरीनो, मऊपणाला कानायोलो, किंवा काबर्ने-मेर्लो, अशी इतर जातींची द्राक्षं. पूर्वी पांढरी द्राक्षंही पडत, २००६च्या हंगामापासून ती बंद झाली. प्रत्येक द्राक्ष दुसऱ्याची उणीव भरतं, म्हणून ‘मेळ’ शोभतो. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची ‘सेत्ते’ ही वाइन, हाही सांजोवेझे-काबर्नेचा मेळच.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘बिनगोड, चांगली आंबटसर, तुरट, गिळल्यावर आंबट चेरीची चव रेंगाळते.’

– छान. फक्त तुरटपणा कसा, तेही लिहा. बारीक पिठासारखा की लाकडाच्या भुशासारखा? चांगल्या मेळात तो पिठाकडे झुकतो.