जुनी होंडा अकॉर्ड ऑटोमॅटिक: गिअरबॉक्सचे ऑइल कोणते घालावे आणि लेव्हल कशी मोजावी?

मुलुंडचा_धाकटा

नमस्कार. वडिलांनी घेतलेली २००४ची होंडा अकॉर्ड २.४ ऑटोमॅटिक अजून आमच्याकडे आहे आणि ती विकण्याचा विषय घरात निघत नाही. गेल्या महिन्यात इंजिन ऑइल बदलण्यासाठी गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. तेथील मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजण्याची पट्टी) पाहिली, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले आहे असे सांगितले आणि अर्धा लिटरहून थोडे अधिक लाल ऑइल ओतले. डबा मी पाहिला नाही. बिलावर केवळ ‘एटीएफ’ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) एवढेच लिहिले आहे. तेव्हापासून सायनच्या रांगेत तासभर अडकून गाडी तापली, की ‘डी’मध्ये टाकल्यावर ती क्षणभर काहीच करत नाही आणि मग झटक्याने उचल घेते. सकाळी थंड गाडीत हा त्रास अजिबात होत नाही. माझे प्रश्न दोन आहेत: या गाडीला नेमके कोणते ऑइल लागते, आणि लेव्हल इंजिन चालू ठेवून पाहायची की बंद करून?

ठाण्याचा_रॅचेट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते आपला त्रास तिथेच सुरू झाला आहे. होंडाच्या या गिअरबॉक्सची लेव्हल इंजिन बंद करून पाहायची असते. इंजिन चालू असताना पंप बरेचसे ऑइल वर, व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) आणि टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) खेळवत असतो, त्यामुळे तळाशी ते कमी दिसते. त्या कमी दिसण्यावर विश्वास ठेवून भर घातली, की गिअरबॉक्स प्रत्यक्षात जास्त भरला जातो. जास्त झालेल्या ऑइलमध्ये फिरणारे गिअर बुडतात, ऑइल घुसळले जाऊन त्याला फेस येतो आणि फेसाळलेल्या ऑइलचा दाब क्लचला नीट पकडू शकत नाही. गाडी तापल्यावरच उशीर होतो, हे आपण सांगितलेले लक्षण याच्याशी जुळते.

पद्धत अशी आहे. गाडी सपाट जागी उभी करा. (आमच्या सोसायटीचे पार्किंग सपाट आहे असे मी वर्षानुवर्षे समजत होतो, जमिनीवर गोटी ठेवली तेव्हा ती गटाराच्या दिशेने निवांत चालू लागली.) रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, पण त्या वेळी एसी बंद असलाच पाहिजे, कारण एसी चालू असताना पंखा इंजिन तापण्याची वाट पाहत नाही आणि आपली फसगत होते. त्यानंतर इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत पिवळ्या कडीची डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून वाचा. पुसायला सुती फडके घेऊ नका; त्याचा एखादा धागा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे.

दादर_कोरोला

मेकॅनिकची बाजू घ्यावीशी वाटते म्हणून लिहितो. माझ्या जुन्या कोरोलाची लेव्हल इंजिन चालू ठेवूनच पाहायची असते: ऑइल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवायचे, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या स्थानांतून हळूहळू फिरवून पुन्हा ‘पी’मध्ये आणायचे आणि इंजिन आयडलवर असतानाच डिपस्टिकवरचा ‘हॉट’ पट्टा वाचायचा. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांचा रिवाज हाच असल्याने त्या माणसाचा हात सवयीने तसा वळला असणार. माझ्या बाबतीत नेमके उलटे घडले होते. एका मित्राने इंजिन बंद करून लेव्हल पाहिली, ती जास्त दिसली म्हणून पाऊण लिटर काढून टाकले आणि पंप हवा ओढू लागल्यामुळे घाटकोपरच्या पुलावर गाडी नुसती गुरगुरत राहिली.

आणखी एक विचारतो. यंदाच्या पावसात गाडी हिंदमाता किंवा गांधी मार्केटच्या पाण्यात उभी होती का? गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी आत गेले तर ऑइल रोझ मिल्कसारखे गुलाबी, दुधाळ दिसते. पाण्याने क्लच प्लेटवरील अस्तराचा चिकटा सुटतो आणि मग नुसते ऑइल बदलून भागत नाही.

गिरगावचा_फोरमन (निवृत्त)

लेव्हलबद्दल वर बरोबर लिहिले आहे, म्हणून मी ऑइलपुरते लिहितो. आपल्या गाडीला मुळात होंडाचे ‘एटीएफ झेड-१’ सांगितले होते. त्याच्या जागी कंपनीने आता ‘डीडब्ल्यू-१’ आणले आहे आणि ते झेड-१च्या गाड्यांत चालते. होंडाच्या अधिकृत विक्रेत्याकडून सीलबंद डबे घ्यावेत. ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्त मिळेल, पण तेथे डब्याचे सील स्वतः पाहावे.

लाल रंगावरून ऑइलची जात ओळखता येत नाही; तो निव्वळ रंग असतो, गळती दिसावी म्हणून घातलेला. खरा फरक असतो तो क्लच किती अलगद किंवा किती करकचून पकडावेत हे ठरवणाऱ्या रसायनांत. होंडाच्या या गिअरबॉक्समध्ये इतरांसारखे ग्रहमालेचे (मधल्या गिअरभोवती फिरणारे) गिअर नसून समांतर शाफ्टवरचे गिअर आणि प्रत्येक गतीला स्वतंत्र क्लच असतो, म्हणून दुसऱ्याचे ऑइल येथे मानवेलच असे नाही. डब्यावर ‘डेक्सरॉन ३’ (जनरल मोटर्सची ऑइलची जुनी प्रत) लिहिलेले दिसले तरी हुरळून जाऊ नका. जनरल मोटर्सने त्या प्रतीचे परवाने २००६च्या अखेरीस संपवले. आजच्या डब्यावरचा तो शब्द म्हणजे बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाड्यांचे ऑइल तर संपूर्ण वेगळे. ते चुकूनही घालू नये.

आत काय ओतले आहे हे ठाऊक नसल्याने ऑइल बदलणेच शहाणपणाचे. मात्र ड्रेन प्लग (तळाचे बूच) काढल्यावर सुमारे अडीच लिटरच बाहेर येते. उरलेले मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. एकूण साडेसहा लिटर धरले तर एका बदलात ३८ टक्के, दोन बदलांत ६२ टक्के आणि तीन बदलांत ७७ टक्के ऑइल नवे होते. म्हणून मधे काही दिवस गाडी चालवून तीन वेळा बदलावे आणि आठ लिटर हाताशी ठेवावे. मशीन लावून दाबाने धुऊन देतो असे कोणी म्हणाले तर मी तरी जुन्या गिअरबॉक्सवर तो प्रयोग करू देणार नाही.

मोजण्याबद्दल एक बारकावा. गरम ऑइल फुगलेले असते. ५० अंशांच्या फरकाने तीन लिटरमागे सुमारे १०० मिलीलिटर एवढा फेर पडतो. म्हणून काढलेले ऑइल खुणा असलेल्या भांड्यात रात्रभर निवू द्यावे आणि मग मोजावे. ड्रेन प्लगला पानाही लागत नाही; तीन-अष्टमांश इंची रॅचेटचा चौकोनी दांडा थेट त्यात बसतो. वॉशर नवाच घालावा आणि प्लग ४९ न्यूटन-मीटरला आवळावा. प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे कण लागले तर मात्र काम थांबवून कळवा.

मुलुंडचा_धाकटा

सर्वांचे आभार. गाडी यंदा पाण्यात अडकली नव्हती आणि ऑइल दुधाळही नव्हते. गोटीचा प्रयोग करून शेवटी गाडी मंदिरामागच्या मैदानाच्या कडेला नेली. एसी बंद, पंखा सुरू झाला, इंजिन बंद केले आणि सव्वा मिनिटाने डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते आणि त्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे होते. पांढऱ्या टिश्यूवर थेंब ठेवला. रंग तपकिरी झाला आहे, पण जळका वास नाही.

रविवारी ड्रेन केले. सकाळी थंड झाल्यावर मोजले तेव्हा ३ लिटर १०० मिलीलिटर भरले. चुंबकावर फक्त करडा लेप होता. डिपस्टिकच्या भोकातून लांब नळीच्या नरसाळ्याने डीडब्ल्यू-१ आधी २.४ लिटर आणि लेव्हल पाहून आणखी १०० मिलीलिटर घातले. आता ते वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे. म्हणजे वरकड होते ते बरोबर सहाशे मिलीलिटर, मेकॅनिकने ओतले होते तेवढेच. काल मुलुंड ते वांद्रे जाऊन आलो; परतताना सायनला पाऊण तास रखडलो, तरी ‘डी’मध्ये उशीर झाला नाही. दुसरा बदल पुढच्या महिन्यात करीन.

गिरगावचा_फोरमन (निवृत्त)

उत्तम. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘डीडब्ल्यू-१, इंजिन बंद करून मोजणे’ असे ठळक लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही.