शस्त्रागार, भांडार की कोठार?

चौकस (दादर):
युक्रेनच्या ड्रोनांनी १८ सप्टेंबर २०२४ रोजी पहाटे रशियातील तोरोपेत्स येथील लष्करी साठ्यावर हल्ला केला, त्यावरील एक लेख मी मराठीत लिहीत आहे. हे गाव त्वेर प्रांतात, मॉस्कोच्या पश्चिमेला सुमारे ३८० किलोमीटरवर आणि युक्रेनच्या सीमेपासून साडेचारशे किलोमीटरहून अधिक आत आहे. रशियन लष्कराच्या दफ्तरी त्या ठिकाणाचे नाव '१०७ वे आर्सेनल' असे आहे. त्याला मराठीत 'शस्त्रागार', 'शस्त्रसाठा', 'दारूगोळा आगार', 'दारूगोळा डेपो' असे काहीही म्हटलेले आढळते. यांतील नेमका शब्द कोणता मानावा? शिवाय लक्ष्यावर जाऊन आदळणाऱ्या ड्रोनला 'आत्मघाती' म्हणणे आपणांस पटते का?

माझगावकर:
'शस्त्रागार' सर्वांत आधी बाजूला ठेवावे. शस्त्रागारात बंदुका, तोफा, फार तर चिलखती वाहनांचे सुटे भाग असतात आणि त्यांतले काहीही आपण होऊन फुटत नाही. तोरोपेत्सला क्षेपणास्त्रे, विमानातून टाकायचे बॉम्ब आणि तोफगोळे साठवलेले होते, असे युक्रेनचे म्हणणे आहे. आणि त्या पहाटेचे स्फोट भूकंपमापकांवर अडीच ते २.८ तीव्रतेच्या धक्क्यासारखे उमटले, ते याच मालामुळे. दूरवर जाणाऱ्या ड्रोनला इंधनाचे ओझे वाहावे लागत असल्यामुळे त्यात स्फोटके बेताचीच मावतात. ड्रोनने फक्त ठिणगी दिली, उरलेले काम साठ्याने स्वतःच केले. हे वाचकाच्या ध्यानात यायचे असेल तर 'दारूगोळा' हा शब्द मथळ्यात असलाच पाहिजे.

'आगार' अर्थाने चुकीचे नाही. परंतु मुंबईच्या वाचकाला आगार म्हटले की बेस्टचे वडाळा आगार आठवते, आणि घाईत कोणी 'आगर' छापले तर भांडुपची मिठागरे. मी 'कोठार' सुचवीन. कोठार हे मुळात संस्कृत 'कोष्ठागार' असल्यामुळे आगार त्याच्या पोटात आहेच. सिंहगडावरच्या इमारतीला आजही लोक दारूकोठार म्हणतात. त्या कोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली आणि गडाच्या फडणिसांचे घर माणसांसकट नष्ट झाले, अशी नोंद आहे. तेव्हा कोठार म्हणजे फुटू शकणारी जागा, ही जाण आपल्या भाषेला नवीन नाही.

पार्लेकर:
माझगावकरांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, 'कोठार' मात्र अडचणीचे वाटते. कोठार म्हटले की एक इमारत डोळ्यांसमोर येते. तोरोपेत्सचा तो परिसर काही चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात मातीने वेढलेली कितीतरी गोदामे, उघड्यावर रचलेले ढीग आणि रेल्वेचे रूळ असे सारे आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला ३१ मे २०१६ रोजी आग लागून जवान आणि अग्निशामक मृत्युमुखी पडले, तेव्हा मराठी बातम्यांत 'केंद्रीय दारूगोळा भांडार' असा उल्लेख होत असे. तोच शब्द येथेही चालावा. भांडार म्हटल्यावर साड्या किंवा किराणा आठवतो हे खरे, पण मागे दारूगोळा जोडल्यावर तो घोटाळा उरत नाही.

माझगावकर:
हे मान्य करण्याजोगे आहे आणि त्यातून एक उपयोगी भेदही हाती येतो: संपूर्ण परिसराला भांडार म्हणावे आणि त्यातील एकेका बंदिस्त इमारतीला कोठार. लेखात हा भेद पाळला तर स्फोटांचे वर्णन सोपे होईल. दोन कोठारांमध्ये अंतर राखतात, मध्ये मातीचे बांध घालतात, ते एका कोठारातील स्फोटाने शेजारचे पेटू नये म्हणून. माल दाटीने किंवा उघड्यावर ठेवला असेल तर एकाची धग आणि तुकडे दुसऱ्यावर पडून भडका पुढे सरकत राहतो. 'भांडारात स्फोट झाला' या वाक्यातून हे काहीच कळत नाही. 'एका कोठारातील स्फोटाने पुढची कोठारे पेटत गेली' यातून कळते. तज्ज्ञांच्या लिखाणात 'दुय्यम स्फोट' अशी संज्ञा येते, पण तोरोपेत्सला हे मागाहूनचे स्फोटच मोठे होते. त्यांना दुय्यम म्हटल्यास वाचक ते किरकोळ समजेल, म्हणून 'साखळी स्फोट' बरे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरचा दारूखाना घराजवळ, घराच्या वाऱ्याखाली नसावा, त्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, खाली तळघर करावे आणि दारू सर्द होऊ देऊ नये, अशी सूचना आहे. अंतर, आडोसा आणि देखरेख या तिन्ही गोष्टी तेथे आल्या आहेत. तोरोपेत्सच्या कोठारांचे नूतनीकरण २०१८ च्या सुमारास झाले होते आणि ती अत्यंत सुरक्षित असल्याचा दावाही रशियन संरक्षण खात्याने केला होता, हे येथे नोंदवावेसे वाटते.

रे रोडवासी:
'दारूखाना' हा शब्द निघालाच आहे म्हणून सांगतो. रे रोडजवळच्या आमच्या दारूखान्यात आता जुनी जहाजे मोडतात. बाहेरचा माणूस नाव ऐकून भलतीच कल्पना करतो, प्रत्यक्षात ते नाव बंदुकीच्या दारूवरून पडले आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांतही दारूखाना होता. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, आणि 'दवादारू'त तो अर्थ अजून टिकून आहे. तरीही आजच्या बातमीत 'दारूखाना' वापरू नये. मद्याच्या अर्थाने त्या शब्दाचा पुरता कब्जा घेतला आहे.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे असे मला वाटते. आम्ही १४ एप्रिल १९४४ च्या घटनेला 'गोदीतला स्फोट' म्हणतो, 'गोदीवरचा हल्ला' म्हणत नाही, कारण व्हिक्टोरिया गोदीतील फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली असताना आग लागली होती. युद्धाचे दिवस होते, धक्का शिमल्याच्या भूकंपमापकापर्यंत पोहोचला, लोकांना आधी जपानी हल्ल्याची शंका आली. पण तो अपघात होता आणि भाषेने ते बरोबर टिपले. तोरोपेत्सच्या बाबतीत उलट धोका आहे. तेथील राज्यपालांनी पाडलेल्या ड्रोनचे अवशेष कोसळून आग लागल्याचे सांगितले. अनुवादात केवळ 'अवशेष पडून आग लागली' असे आले तर हल्लेखोर वाक्यातून गळतो. हे विधान कोणाचे आहे ते सांगूनच ते द्यावे, आणि आपल्या वाक्यात 'ड्रोनहल्ल्याने' ठेवावे.

पार्लेकर:
'आत्मघाती ड्रोन' मला खटकते. आत्मघात करायला आत कोणी तरी असावे लागते. येथे तर माणूस वाचावा म्हणूनच यंत्र पाठवतात. 'स्फोटकवाहू ड्रोन' किंचित जड असले तरी खरे आहे. आकाशात लक्ष्य शोधत फिरणाऱ्या प्रकाराला 'घिरट्या घालणारे' म्हणता येईल, पण ठरलेल्या जागेकडे सरळ निघालेल्यांना ते विशेषण लावू नये.

चौकस:
सर्वांचे आभार. 'तोरोपेत्सच्या दारूगोळा भांडारावर ड्रोनहल्ला' असा मथळा आणि मजकुरात 'कोठारे' असे ठरवतो. एक शेवटची शंका आहे: अनेकवचन 'ड्रोन' की 'ड्रोने'?

माझगावकर:
'ते ड्रोन' आणि 'ती ड्रोन' हीच रूपे रुळली आहेत, 'ड्रोने' कोणी म्हणत नाही. विभक्तीत मात्र 'ड्रोनने' आणि 'ड्रोनांनी' हा भेद काटेकोर पाळा, कारण त्या पहाटे एकच ड्रोन आले नव्हते आणि 'ड्रोनने हल्ला' वाचून तसाच समज होतो.