शेव्हर्स खासबागेत असता तर...
‘अमेरिकन हेवीवेट बॉक्सर अर्नी शेव्हर्सकडे ठोसा होता, दम नव्हता’ असे एक मत आहे. ते मला अर्धेच पटते, कारण ७४ पैकी ६८ विजय नॉकआउटने मिळवणारा हा माणूस १९७७ साली मुहम्मद अलीसमोर पूर्ण पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. खरी चुटपुट १९७९ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीची आहे. सातव्या फेरीत त्याच्या उजव्या ठोशाने तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्स आडवा झाला, पण उठला, आणि अकराव्या फेरीत पंचांनी शेव्हर्सविरुद्ध लढत थांबवली. आमच्या कोल्हापुरात, खासबागेच्या आखाड्यात, पाठीला लाल माती लागली की कुस्ती तिथेच संपते (हलगीही गप्प होत नाही तोवर पटका बांधला जातो). बॉक्सिंगमध्ये मात्र पडलेल्याला उठायला दहा अंक मोजेपर्यंतची मुदत मिळते, आणि शेव्हर्सचे जगज्जेतेपद त्या मुदतीतच निसटले.